डोंगीला लावलेलं ऑइल

शहरातल्या गारखेड्यात आमच्या गल्लीला नळ आठ दिवसांनी यायचा, अन् त्या गल्लीत मी टेम्पोतून होडी उतरवून घेतली. लोक हसले. हसणारच की. समोरचे मास्तर म्हणाले, "काय हो, पूर येणार असं कळलं का तुम्हाला?" दुसऱ्या एकानं पाणी साठवायला नवीन हौद आणला का म्हणून विचारलं. मी कुणालाच धड उत्तर दिलं नाही. माझा स्वभाव मुळात तिरका, त्यात पाच माणसांनी मिळून ते दहा हातांचं लाकूड फाटकातून आत घेताना कंपाउंडची भिंत खरवडली होती. बायको दारात उभी राहून भिंतीकडं बघत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे पुढं चार दिवस बोलणार होती.

खरं तर ती होडी नव्हे, डोंगी. अरुंद, लांबट, एका माणसानं वल्हवायची. दादांसमोर तिला होडी म्हणायची सोय नव्हती. दादा म्हणजे माझे वडील. आमची शेती गोदावरीच्या दोन्ही काठांना होती, त्यामुळं पलीकडच्या रानात जायला, वैरण आणायला अन् जमलं तर चार मासे धरायला घरची डोंगी असायची. ही डोंगी पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आजोबांनी करून घेतलेली. आधीची त्या धामधुमीत कुणीतरी फोडून टाकली होती. रझाकारांनी फोडली की आपल्याच लोकांनी, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही.

पुढं पैठणला धरण झालं अन् शेती, गाव, मारुतीचं देऊळ सगळं पाण्याखाली गेलं. सरकारनं वर माळावर नवीन गाव बसवून दिलं. दादांनी जमिनीच्या दुःखानं दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, अन् मग एक दिवस डोंगी काढून त्याच पाण्यात मासे धरायला लागले. आपल्याच वावरावरून डोंगी हाकायचे. "हितं आपली विहीर," असं एकदा मला वल्ह्यानं दाखवलं होतं. मला त्या पाण्याची भीती वाटायची, रागही यायचा. मी डोंगीचं काहीच शिकलो नाही. आयटीआय केलं, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर झालो, गारखेड्यात घर बांधलं. आई गेल्यावर दादांना घेऊन आलो. डोंगी तिकडंच राहिली, चुलत्याच्या गोठ्यामागं पालथी घातलेली.

दादांचं माझ्याकडं मागणं एकच असायचं. दर साली मिरगाच्या आधी म्हणायचे, "डोंगीला तेल लावून ये रं." मी जायचो, हौसेनं जायचो. डबा भरून ऑइल न्यायचो अन् आतून-बाहेरून दोन-दोन हात द्यायचो. जळकं ऑइल, गाडीच्या इंजिनातून काढलेलं. हे शहाणपण मला सासऱ्यांनी दिलं होतं. ते करमाडचे, कोरडवाहू माणूस. त्यांच्याकडं गोठ्याच्या मेढी, दाराच्या चौकटी, बैलगाडीची साटी, सगळ्याला जळकं ऑइल फासलेलं असायचं. वाळवीची काय बिशाद. त्यांच्याकडं लाकडाचा वैरी म्हणजे वाळवी, एवढंच त्यांना माहीत. पाणी लाकडाचं काय करतं याचा विचार करायची पाळी करमाडच्या माणसावर येते कुठं? दादांना मी फक्त, "लावलं तेल," एवढं सांगायचो. ते म्हणायचे, "बेस केलंस." अशी दहा-अकरा वर्षं गेली.

त्या साली दादांच्या छातीत पाणी झालं. दोनदा दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं अन् सांगितलं, "हिवाळा काढतील. पुढचं मी काही सांगू शकत नाही." घरी आणल्यावर दोन दिवसांनी दादा खाटेवरून म्हणाले, "मला एकदा पाण्यावर बसायचं हाय."

मला ते लगेच कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. मी त्याच आठवड्यात टेम्पो केला अन् डोंगी आणली.

दादांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून होती. डोंगी मी त्याच खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत, दोन ओंडक्यांवर ठेवली. काचबिंदूनं त्यांना फक्त उजेड-अंधार कळायचा अन् तपकिरीनं नाकाचं कामच संपवलं होतं. कान मात्र शाबूत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला हळद-कुंकू घेऊन बाहेर पाठवलं. डोंगीचं काम काढायचं तर आधी तिला विचारायचं असतं, अशी आमच्याकडं रीत. बायकोनं कुंकू लावलं अन् दादा आतून बोलले ते तिनं म्हटलं, "उघडतो गं बाई तुला. राग धरू नको." बायको नंतर मला म्हणाली, "माझ्या भिंतीला कुणी विचारलं होतं का?" तिच्या तोंडाला तसं कुलूप नव्हतंच कधी.

मग काम सुरू झालं. काम म्हणजे तयारी. खरं काम करणारा सुतार पैठणकडचा, दादांच्या ओळखीचा, म्हातारा माणूस. त्यानं निरोप धाडला होता, "डोंगी साफ करा, सांधे उघडे करा, वाळवा. दिवाळीनंतर येतो." पहिल्या पाळीवरून मी तीन-साडेतीनला घरी यायचो, चहा घ्यायचो अन् उजेड असेपर्यंत घासायचो. दादा खाटेवरून हुकूम सोडायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. "खुरपं आडवं धर. उभं धरशील तर लाकूड ओरबाडशील." मी म्हणायचो, "धरलंय आडवं." ते म्हणायचे, "आवाज उभ्याचा येतोय." अन् खरंच उभं असायचं.

बुडाला डांबराचा जुना थर होता, तो खरवडून काढायचा. फळ्यांच्या सांध्यात राळ लावलेला कापूस कोंबलेला असतो, तो आकड्यानं उपसून काढायचा. आकडा मी कारखान्यात सळई वाकवून करून आणला होता. दादांनी तो बोटांनी चाचपला अन् म्हणाले, "फिटर झालास ते वाया गेलं नाय." वडलांकडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी, पन्नाशी जवळ आल्यावर. मी गुमान बाहेर गेलो अन् जास्त जोरानं घासायला लागलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "डांबर कसं सुटतंय? पापडावानी का मेणावानी?"

"मेणासारखं. चिकटतंय खुरप्याला."

त्यांनी अंगावरची वाकळ ओढून घेतली. मग म्हणाले, "गारठ्यानं आसंल. वाळू दे अजून."

बायको म्हणायची घराचं गॅरेज झालंय, भाजीलाही ऑइलचा वास येतो. मी तिच्यावर खेकसायचो. मला वाटायचं जुन्या लाकडाला असा वास असतोच. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ते काही खोटं नाही. दहा वर्षं ज्या डोंगीला मी ऑइल पाजलं, तिचा वास मला लाकडाचा वाटत होता.

सुतार आला तो दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी. पिशवीत वाकस अन् पटाशी. आल्या आल्या आत जाऊन दादांच्या पायाशी बसला, दोघांनी नदीच्या गप्पा मारल्या. मग बाहेर येऊन त्यानं डोंगीवरून हात फिरवला, हाताचा वास घेतला. पटाशीनं एका फळीला चीर दिली अन् आत बोट घातलं. दुसऱ्या फळीला दिली. तिसरीला देताना माझ्याकडं बघितलंच नाही.

"हे कुणी लावलं?"

"मी. वाळवी लागू नये म्हणून."

"किती साल?"

"दहा-अकरा."

तो उकिडवा बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "वाळवी नाय लागली, ते खरं हाय. पण लाकूड ऑइल पिऊन बसलंय. आता ह्याला राळ धरत नाय, डांबर धरत नाय. सांधा भरला तरी पाण्यात गेल्यावर सुटणार. जवसाचं तेल लावायचं असतंय ह्याला, दादा त्येच लावायचे. तुला सांगितलं नाय का?"

सांगितलं होतं. 'तेल' असं सांगितलं होतं. कुठलं तेल हे मी विचारलं नाही अन् त्यांना सांगायची गरज वाटली नाही. आजोबांपासून ज्या घरात डोंगीला एकच तेल लागलं, त्या घरातला मुलगा इंजिनातलं काढून लावेल हे त्यांच्या मनात कसं यावं.

"फळ्या बदलल्या तर?" मी विचारलं.

"सगळ्या बदलाव्या लागतील. मंग जुनं काय ऱ्हायलं? अन् मपल्यानं त्येवढं काम आता व्हत नाय."

त्यानं पटाशी पिशवीत घातली. तेव्हा मी ते केलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. मी त्याला फाटकापाशी नेलं, हात जोडले अन् म्हणालो, "दादांना सांगू नका. त्यांचं आता थोडंच राहिलंय. एवढ्या आशेवर हायत ते."

त्यानं मान हलवली नाही की डोलावली नाही. आत गेला, चहा प्याला अन् दादांना म्हणाला, "चांगलं लाकूड हाय. अजून वाळू द्या. मी मागनं येतो." जाताना मला एवढंच म्हणाला, "मी खोटं बोललो. आता निभावणं तुपलं काम."

मी निभावलं. दीड महिना. रोज साडेतीनला यायचं, चहा घ्यायचा अन् मेलेल्या डोंगीला घासत बसायचं. सांधे उपसून झाले होते, तरी आकडा फिरवायचा, कारण आतून दादांचे कान लागलेले. कधी कधी नुसतं खुरपं लाकडावर ओढायचो. त्या आवाजानं त्यांचा चेहरा सैल व्हायचा. बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला हे बरं दिसत नाही. मामांना सांगून टाका, ते लहान पोर नाहीत." मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" हे वाक्य मी संसारात फार वेळा वापरलं अन् बहुतेक वेळा चुकीच्या जागी वापरलं.

गंमत म्हणजे त्या दीड महिन्यात मी डोंगीचं सगळं शिकलो. आधी कधी दादांनी शिकवलं नाही, मी कधी मागितलं नाही. त्यांचंच म्हणणं असायचं, शीक, नोकरी कर, पाण्याच्या नादाला लागू नको. आता खाटेवर पडून ते सगळं ओतायला लागले. हातोडीच्या दांड्यानं फळीवर टिचकी मारायची, टण आवाज आला तर चांगली, थप आला तर आत कुजलंय, तिथं चुन्याची खूण करायची. कापूस जुना घ्यायचा, गादीतला, नवा घ्यायचा नाही. सांधा भरताना एकाच बाजूनं जायचं नाही, एक इकडचा, एक तिकडचा, नाहीतर डोंगी अंग टाकते, एका बाजूला कलते. मी टिचकी मारायचो. थप आवाज यायचा. "कसा येतोय?" ते विचारायचे. खिडकी उघडी, माणूस तीन हातांवर, त्यांनाही ऐकू जात असणार, पण मी म्हणायचो, "टण." ते म्हणायचे, "मला थप वाटला." मी म्हणायचो, "तुमच्या कानाचं वय झालं." ह्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवसांत त्यांची तब्येत उतरत गेली. सुतार आला तेव्हा ते काठी धरून न्हाणीपर्यंत जात होते, खुर्चीवर बसून जेवत होते. महिन्यानं बसवून ठेवायला दोन उशा लागायला लागल्या. मग तीन. पाय सुजले. बोलताना मधे थांबून श्वास घ्यायला लागले, पण प्रश्न सोडले नाहीत. मी मनात म्हणायचो, किती दिवस राहिलेत, तेवढे आशेत जाऊ देत. मला वाटायचं मी त्यांना फार मोठं काहीतरी देतोय.

एक दिवस सकाळी, सुट्टीचा वार होता, ते म्हणाले, "आता वाळली आसंल. जवसाचं तेल आण. ऊन करून एक हात दे अन् जेवून ये. जेवून येस्तोवर लाकडानं तेल पिलं, तर डोंगी तयार झाली. सुताराला सांगावा धाड."

मी तेल आणलं, गरम केलं, लावलं. जेवलो. येऊन बघितलं तर तेल जसंच्या तसं वर, थेंब थेंब होऊन उभं होतं.

"पिलं का?" त्यांनी आतून विचारलं.

"पिलं."

"मला बाहेर घे. हात लावून बघतो."

मी म्हणालो गारठा आहे, वारा आहे, उद्या बघू. त्यांनी ऐकलं नाही. मग मी अन् बायकोनं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं अन् खुर्ची उचलून डोंगीपाशी नेली. वजन काहीच राहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, फळीवर तळवा टेकवला अन् तसाच ठेवला. मग बोटं एकमेकांवर चोळली. हात धोतराला पुसला, पुन्हा टेकवला. बायको घरात निघून गेली.

"ह्ये आधीच कशानं तरी भरलंय," ते म्हणाले.

मी सांगितलं. ऑइल, करमाड, वाळवी, सगळं. ते ऐकत होते. रागावले नाहीत. उलट थोडं हसल्यासारखं केलं अन् म्हणाले, "तुला काय म्हाईत. मपलीच चूक. म्या कधी हाताला धरून दाखवलं नाय." मग त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"सुतार आला तेव्हा."

त्यांनी श्वास घेतला. मोजत असावेत.

"दीड महिना झाला की त्याला."

"व्हय."

"मंग रोज काय घासत व्हतास?"

मी म्हणालो, "तुमच्यासाठी, दादा. तुमची आशा तुटू नये म्हणून."

गल्लीतून भाजीची गाडी ओरडत गेली. मग ते म्हणाले, अन् आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं, "आरं, मला ही डोंगी कशाला पायजे व्हती? मला पाण्यावर बसायचं व्हतं. कुणाचीबी डोंगी चालली आसती. भोयाची, कोळ्याची, कुणाचीबी. तव्हा मला बसता येत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू येवढ्या मायेनं घासायलास. मला वाटलं, पोरगं करतंय तर व्हऊ दे. चार दिवस उशीर झाला तर झाला." मधे श्वास घ्यायला थांबले. "कामून सांगितलं नाय मला? म्या काय तुपला पाव्हणा हाय का?"

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, उद्याच जाऊ, जीप करतो, मागची सीट काढून गादी टाकतो. ते म्हणाले, "बघ." दुसऱ्या दिवशी मी खरंच जीप दारात आणून उभी केली. आम्ही त्यांना उचलून फाटकापर्यंत नेलं. तेवढ्यातच ओठ निळे पडले, श्वास पुरेना. परत आणून उशांवर टेकवलं. बायकोनं पाणी पाजलं. तासाभरानं ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता."

त्यानंतर ते नऊ दिवस होते. डोंगीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी साडेतीनला यायचो अन् त्यांच्या खाटेशी बसून राहायचो. बाहेर शांतता असायची अन् ती आम्हा दोघांना ऐकू यायची. एकदाच, झोपेत असतील असं वाटत असताना, त्यांनी विचारलं, "औंदा धरणात पाणी किती हाय?"

मी म्हणालो, "भरलंय."

हे मात्र खोटं नव्हतं. त्या साली पाऊस चांगला झाला होता अन् धरण काठोकाठ भरलं होतं. गारखेड्यापासून तिथं जायला दीड तास लागतो.